घोंगडीवरचा न्याय

आमचे हेडमास्तर दिनकरराव यांना गोऱ्या साहेबांचं भारी वेड. इंग्रज गेले, निजामाचं राज्य जाऊनही चार वर्षं झाली, यांची मान मात्र अजून वाकलेलीच. पूर्णा जंक्शनवरचा गोरा अधिकारी विलायतेला जाताना पोरांची चित्रकथांची पुस्तकं टाकून गेला. ती यांनी पोथीसारखी जपली. चौकटीमागून चौकट एकच गोष्ट: टोपीवाला साहेब बेटावर उतरतो आणि काळे लोक देव समजून त्याच्या पाया पडतात.

पंधरा ऑगस्टला यांनी त्याचंच नाटक बसवलं! मी हाताखालचा मास्तर. विरोध केला तर म्हणाले, "चित्रात आहे तसंच होणार."

साहेब झाला त्यांचा मुलगा. रानटी राणी झाली कडूबाई, शाळेतली धनगराची एकुलती पोर. भाऊबंद नको म्हणत असताना आजा येडबानं तिला शाळेत घातलं होतं. काजळी फासून घ्यायला ती तयार होईना, तेव्हा हेडमास्तर गुरकावले, "मग नाव काढतो शाळेतून." आणि स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाला काजळी फासली.

नाटकात राणीनं साहेबापुढं घरची घोंगडी अंथरली, पाया पडायला वाकली आणि सगळा घोटाळा झाला. धनगरांत घोंगडी अंथरली की पंचायत बसते, तिथं खोटं बोलायचं नसतं. बघायला आलेला येडबा उठला, जोडे काढले आणि थेट घोंगडीवर जाऊन बसला. त्याला नाटक कुठं ठाऊक!

"जमीन कुनाची हाय?" त्यानं साहेबाला विचारलं.

पोरगं घाबरलं. "या बेटावरच्या लोकांची."

"मग पोरगी तुह्या पाया कामून पडायली?"

"पुस्तकात तसं आहे."

हेडमास्तर धावत आले. "ऊठ म्हाताऱ्या! नातीचं नाव काढलं म्हणून समज!"

माझं डोकं फिरलं. मी ते पुस्तक आणून येडबापुढं उघडं आपटलं. कडूबाई वाकून बघू लागली.

"आज्या, समद्या काळ्या मानसांचं तोंड एकच काढलंय. आपली मेंढरं बी एकासारखी एक नसत्यात."

येडबानं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "न्याव झाला. पोरगी शाळंतच ऱ्हाईल. अन् काजळी ज्यानं फासली त्यानं पुसायची."

हेडमास्तर कुत्सित हसले. तेवढ्यात मागं बसलेले भाऊबंद, तेच शाळेला नको म्हणणारे, एकेक करून उठले आणि जोडे काढून घोंगडीभोवती येऊन उभे राहिले.

हेडमास्तरांनी खिशातून रुमाल काढला. कडूबाईनं तोंड पुढं केलं.