एजंटाचं नाव

मुंबईच्या विमा कंपनीला पाठवलेली हप्त्याची मनीऑर्डर परत आली, तेव्हा मेहरुन्निसा नुकतीच दवाखान्यातल्या कामावरून घरी पोचली होती. कूपनावर एकच ओळ होती: 'पत्रव्यवहार आपल्या एजंटामार्फत करावा.'

एजंट म्हणजे मोतीराम. एकोणीसशे अठ्ठावीस साली त्यांनीच तिचा विमा उतरवला होता. सुईणीचं काम करणाऱ्या विधवेचा विमा! कंपनीने अर्ज दोनदा फेटाळला, तिसऱ्यांदा मोतीरामांनी मंजूर करून आणला. पण चार वर्षांपूर्वी ते एजंटकी सोडून घाटापलीकडे पेठ गावी शेतीवर गेले. कंपनीची पत्रं मात्र अजून त्यांच्याच नावे जात.

"त्यांचं नाव काढून टाकते," ती भावाला म्हणाली.

शफी हातमागावरून उठला. "ज्यांनी एवढं केलं त्यांनाच बाहेर काढायचं? आणि कंपनी उलटली तर? एकट्या बाईचं कोण ऐकणार, आपा?"

बोलणं तिला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. रविवारी ती पेठच्या मोटारीत बसली. सावळघाटात मोटार तापली आणि तासभर उभी राहिली. पोचायला दुपार झाली.

मोतीराम खळ्यावर नागली झोडत होते. तिला पाहून त्यांनी काठी खाली ठेवली, पण नजर वर केली नाही. त्यांची बायको ठमाबाई चहा घेऊन आली आणि सरळच म्हणाली, "पत्रं ना? लय हायेत. कणगीमागं ठेवलीत यांनी."

अकरा लिफाफे. एकही फोडलेला नव्हता.

सगळ्यांत नवा लिफाफा मेहरुन्निसाने फोडून मोतीरामांच्या हातात दिला. इंग्रजी मजकूर वाचून त्यांनी तिला अर्थ सांगितला. एक हप्ता उशिरा पोचला होता. डॉक्टरी तपासणीचा दाखला एकतीस डिसेंबरपर्यंत आला नाही, तर पॉलिसी रद्द. नऊ दिवस उरले होते.

"का नाही उघडलीत, भाऊ?"

"माझ्या हातची तुमची एकच पॉलिसी राहिली होती, बाई. बाकी सगळ्या बंद पडल्या. पत्र हातात आलं की वाटायचं, हीसुद्धा गेली." ते थांबले. "गावात अजून एजंटसाहेब म्हणतात मला. नाव राहू द्या. यापुढे दर पत्र पाठवीन तुमच्याकडे."

मेहरुन्निसाने बाकीचे दहा लिफाफे गोळा केले. मग म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही कंपनीशी भांडलात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण हा विमा माझ्या मुलीच्या, सिताराच्या शिक्षणासाठी आहे. माझी पत्रं माझ्या दारात आली पाहिजेत."

"द्या की लिहून!" ठमाबाई नवऱ्यावर खेकसली. "घाट चढून आलीय ती."

मोतीरामांनी हात धुतले, घरातून दौत आणली आणि स्वतःचं नाव काढण्याचा अर्ज स्वतःच इंग्रजीत लिहिला. खाली मेहरुन्निसाने उर्दूत सही केली. साक्षीदार म्हणून ठमाबाईने अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं. "तुमची नाडी माझ्यापेक्षा बरी आहे," म्हणत त्यांनी दाखला दिला. अर्ज, दाखला सगळं रजिस्टर टपालाने गेलं, हप्त्याची मनीऑर्डरही पुन्हा गेली. एकतीस तारीख उलटली. शफी रोज टपालवाल्याची वाट बघे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काजीपुऱ्यात तिच्या गल्लीत हाक आली. "मेहरुन्निसा शेख! मुंबईचं रजिस्टर!"

दारं उघडली. इंग्रजी शाळेत जाणारी सितारा उंबऱ्यात उभी राहून मोठ्याने वाचू लागली, मग अर्थ सांगू लागली. "पॉलिसी चालू आहे, अम्मी. एजंटाचं नाव कमी केलंय. यापुढे सगळा पत्रव्यवहार थेट तुझ्याशी."

"परत वाच."

सिताराने परत वाचलं. शेजारच्या ताहेराने टाळ्या वाजवल्या. शफी म्हणाला, "ऐकलं हो तुझं, आपा, कंपनीने!" आणि माग तसाच सोडून तो जिलबी आणायला धावला.

त्या दिवशी मेहरुन्निसा दवाखान्यात तासभर उशिरा पोचली. डॉक्टरांनी कारण विचारलं. तिने मान ताठ ठेवून आपल्या नावाचा लिफाफा त्यांच्यापुढे धरला.