वाघाच्या गोष्टीतली भाषा

वाशिमकडच्या किन्हीराजा गावचा पंजाबराव १९५३ साली फौजेबरोबर कोरियात गेला, पण लढायला नव्हे. लढाई थांबली होती. त्याला कैद्यांवर पहारा करायचा होता. तारेपलीकडच्या कैद्यांत हान नावाचा एक शाळामास्तर होता. दुपारच्या पहाऱ्याला तो तारेजवळ येऊन बसे आणि पंजाबरावाला आपली भाषा शिकवी. शिकवायची रीत एकच, गोष्ट सांगायची.

वाघ आईला खातो, तिचे कपडे घालतो आणि पोरांच्या दाराशी येऊन म्हणतो, "मुन योरो." दार उघडा. पोरं म्हणतात, आधी हात दाखव. हान मातीत वाघ काढी, दार काढी. "होरांगी!" म्हणत स्वतःच वाघ होई. चाळिशीचा तो माणूस गुरगुरायला लागला की पंजाबराव पोट धरून हसे. महिन्याभरात त्याला गोष्ट पाठ झाली.

कैद्यांत दोन तट होते, उत्तर कोरियात परत जाऊ म्हणणारे आणि नको म्हणणारे. हानच्या बराकीत उत्तरेला, आपल्या घरी परत जातो म्हणणाऱ्याची धडगत नव्हती. हानची आई उत्तरेला होती. पंजाबरावाला ते ठाऊक नव्हतं. गोष्टीत तेवढे शब्दच नव्हते.

एका संध्याकाळी हान घाईने तारेशी आला. "मुन योरो," तो हळूच म्हणाला. "होरांगी. मुन योरो."

शेजारी वाशिमकडचाच शिपाई रामधन उभा होता. "पाह्य, मले कसं बोलता येते," असं त्याला सांगून पंजाबराव हानच्या भाषेत म्हणाला, "आधी हात दाखव."

हानने दोन्ही हात तारेतून बाहेर काढले. रामधनने टाळी वाजवली. मागून दोघे कैदी आले, हानच्या खांद्यावर हात टाकून हसतहसत त्याला घेऊन गेले.

सकाळी बराकीमागे हानचं प्रेत सापडलं. साहेबाने पंजाबरावाला बोलावलं. "तुला त्यांची भाषा येते ना? काय म्हणाला तो?"

"गोष्ट सांगत होता, साब."

साहेबाने तेवढंच लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी पंजाबराव गावी आला. परक्यांची भाषा शिकला म्हणून शाळेत त्याला हार घातला. घरी बायकोने, प्रयागबाईने विचारलं, "मास्तर होता ना तुमचा थो? कसा मेला?"

त्याने सगळं सांगितलं.

"दार उघड म्हने, तं उघडलं काहून नाई?"

"मले वाटलं, शिकवून राह्यला."

प्रयागबाईने त्याला गळ्यातला हार काढायला सांगितलं आणि तो बाहेर गाईपुढे टाकला.