आमदाराची हाळी

माझा भाऊ आमदार आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी बोलायला नको की गोदा भावाची बाजू घेते. घेते मी बाजू. पाठचा भाऊ आहे. पण बाजू घेणं वेगळं आणि कानात बोळे घालून बसणं वेगळं. माझे कान अजून शाबूत आहेत, आणि ही सगळी भानगड त्या कानांमुळेच झाली.

गोपीनाथ त्याचं नाव. कळव्याच्या पुढे खाडीच्या अंगाला आमचं गाव. आता चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत, पण आम्ही लहान होतो तेव्हा सगळी मिठागरं. बाबा आगरात, आय आगरात. दुपारी जेवायला बोलवायचं तर बांधावर उभं राहून हाळी द्यायची. प्रत्येक घराची हाळी वेगळी, नाहीतर भलत्याच घरचा माणूस जेवायला यायचा. आमच्या घरचे शब्द लांबवायचे आणि शेवटी खटकन तोडायचे. गोपीचा आवाज तर असा की पार खाडीपलीकडचे लोक मान वर करायचे. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

आणि त्याची खोड पण सांगते, पुढे लागणार आहे. हा पोरगा आधी आमच्या काकूकडे जेवायचा, "आयने काही केलं नाही" असं सांगून. मग घरी येऊन परत जेवायचा, "काकूने विचारलं पण नाही" असं सांगून. आयला कळलं की दुसऱ्या दिवशी त्याला ताट नाही. सगळे जेवायचे आणि हा उंबऱ्याशी मांडी घालून बसायचा. रडायचा नाही, नुसता बसायचा. मला लई वाईट वाटायचं, पण आयपुढे कोण बोलणार?

आता मुद्द्यावर येते.

गावाच्या तळ्याकाठी गावकीचं मैदान आहे. लग्नाचे मांडव तिथेच, जत्रा तिथेच, सुकी मासळी पण तिथेच वाळते. मागच्या हिवाळ्यात बातमी आली की विधानसभेत विधेयक येतंय, गावांच्या अशा मोकळ्या जागा एका प्राधिकरणाकडे द्यायच्या. गाव पेटलं. गोपी देवळात आला, गावदेवीचा भंडारा हातात घेतला आणि बोलला, "मी सभागृहात नाही म्हणणार." विधेयक पास झालं. गोपी परत आला, तोंड पाडून बोलला, "मी नाही म्हटलं. पण बहुमत त्यांचं."

गावाने मानलं असतं. पण त्याच आठवड्यात त्याच्याच पक्षाच्या लोकांनी ठाण्यात बॅनर लावला, विधेयकाला साथ दिल्याबद्दल आमदारांचं अभिनंदन. त्यावर गोपीचा फोटो, हात जोडलेला.

आमच्या गावकीचे पाटील महिपत नाना. शांत माणूस, पण ठाम. त्यांनी गोपीला फोन करून सांगितलं, "खरं काय ते चैत्राच्या जत्रेआधी कळलं पाहिजे. भंडारा उचलून खोटं बोलला असशील तर पालखी तुझ्या दारात थांबणार नाही."

तुझ्या दारात म्हणजे आमच्या आयच्या दारात. गोपी राहतो ठाण्याच्या फ्लॅटमध्ये, घरी आय एकटी. तिने लग्न होऊन आल्यापासून एकही पालखी चुकवलेली नाही. आदल्या दिवसापासून अंगण सारवते, गुडघे वाजतात तरी सारवते. तिची ओटी देवीच्या पदरात पडली की तिचं वर्ष सुरू होतं. मला गावातच दिलेली, म्हणून हे दर वर्षी डोळ्याने बघते.

मी सुनेला बोलले, "समृद्धी, बघ गं, कुठे लिहिलेलं असेल ना, कोण होय बोलला, कोण नाही." समृद्धी ठाण्याच्या कोर्टात वकिली करते. लॅपटॉप घेऊन बसली. मला पण चेव आला. इतकी वर्षं भाऊ आमदार, पण तो तिथे जाऊन करतो तरी काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पहिल्यांदा त्याचे प्रश्न निघाले. ढीगभर प्रश्न. एक संत्र्यांच्या रोगाबद्दल, एक बिबट्याबद्दल, एक कुठल्या तरी धरणाच्या भिंतीबद्दल.

"अगं, कळव्यात संत्र्याचं झाड दाखव मला एक," मी बोलले.

"आई, एक जण प्रश्न लिहितो, बाकीचे खाली सह्या करतात. मामांनी पण केली असेल."

"आणि मैदानाबद्दल?"

तिने शोधलं. एक पण नाही. हजेरी मात्र झकास होती, शाळेत कधी नव्हती तेवढी.

मग मतदानाचं पान काढलं, तर तिथे फक्त एक ओळ, विधेयक संमत झालं. कोणाचं नाव नाही. समृद्धीने मला समजावलं. अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी होय म्हणा. लोक ओरडतात. मग विचारतात, विरुद्ध असतील त्यांनी नाही म्हणा. लोक ओरडतात. अध्यक्ष कानाने अंदाज घेतात आणि सांगतात, होयचं बहुमत. कोण काय ओरडलं ते कोणी लिहून घेत नाही. कोणी अडून बसलं आणि पोल मागितला तरच माणसं उभी करून मोजतात. त्या दिवशी कोणी मागितला नव्हता.

"म्हणजे एवढे कायदे नुसते आरडाओरडा करून होतात?"

"बरेचसे."

मला खरंच नवल वाटलं. आमच्या गावात भजनी मंडळाचा खजिनदार निवडायचा तरी हात वर करतात.

"आवाज तरी असेल ना कुठे?" मी विचारलं. समृद्धीने लॅपटॉप परत पुढे ओढला. मग बोलली, "आई, व्हिडिओ आहे."

व्हिडिओत अध्यक्षांचंच तोंड दिसत होतं, बाकी कोणी नाही. संध्याकाळची वेळ, सभागृह बरंचसं रिकामं असावं, कारण आवाज मोजकेच येत होते. समृद्धीने मला हेडफोन घालून दिले. अध्यक्ष भराभरा वाचत गेले आणि बोलले, नाही म्हणणाऱ्यांनी नाही म्हणावं. दोन-तीन आवाज आले. त्यातला एक लांब, शेवटी खटकन तोडलेला.

"हाच! माझा गोपी!" मी टाळ्याच वाजवल्या. बाबा आठवले, बांध आठवला. म्हटलं, बॅनरवाले गेले खड्ड्यात, भाऊ शब्दाला जागला.

"परत लाव," मी बोलले, नुसती हौस म्हणून. समृद्धीने जरा मागून लावलं, होयपासून.

होय म्हणणारे पुष्कळ होते. त्या गलक्यात एक आवाज सगळ्यांच्या वरून गेला. लांब, आणि शेवटी खटकन तोडलेला.

मी हेडफोन काढले, परत घातले. चार-पाच वेळा ऐकलं. दोन्हीकडे तोच. मेल्याने आधी होय म्हटलेलं आणि लगेच नाही म्हटलेलं, दोन्ही पूर्ण दम लावून. आधी मला हसू आलं. मग राग आला.

गोपीला फोन लावला. त्याने नाकबूल केलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते.

"बाय, पक्षाला होय पाहिजे होतं, गावाला नाही पाहिजे होतं. दोघांना दिलं. मी एकट्याने नाही म्हटलं म्हणून विधेयक पडणार होतं का?"

"मग होय कशाला बोललास?"

"तिकीट कोण देतं? गाव देतं का?" मग आवाज मऊ करून बोलला, "व्हिडिओचं नानांना कळेलच, ते तुलाच विचारणार, आवाज ओळख म्हणून. तू फक्त सांग, त्याचं 'नाही' ऐकलं. खोटं तर नाही ना ते? आयचं वय बघ बाय. पुढच्या चैत्राला ती असेल का, सांग."

मी फोन ठेवला. दोन दिवस घास गोड लागला नाही. आयकडे गेले तर ती गोठ्यातलं शेण हातानेच गोळा करत होती, अंगणासाठी. तिला काही बोलायची हिंमत झाली नाही.

रविवारी सकाळी गावकी देवळापुढे बसली. गोपी पांढऱ्या कपड्यांत नानांच्या शेजारी. आय बायकांमध्ये, खांबाला टेकून. नाना बोलले, "गोदा, तुझ्या बापाची हाळी सगळ्या गावाला माहीत होती. त्या व्हिडिओत तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"'नाही' बोलला का तो?"

"बोलला. नाहीच बोलला, जोरात."

बायकांनी सुस्कारा सोडला. गोपीने माझ्याकडे बघून मान हलवली. आय हसली. तिथेच थांबले असते तर एक शब्द पण खोटा झाला नसता. पण आयचं ते हसू बघून मला राहवेना, खोट्यावर हसत होती ती.

"आणि त्याच्या आधी होय पण बोलला," मी सांगितलं. "तेवढ्याच जोरात."

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. सगळ्यात मोठा आवाज नाथाचा, आमच्या मागच्या आळीतला. नानांनी हात वर केला. "पालखी थांबायला नको असं ज्यांना वाटतं त्यांनी नाही बोला."

गर्दीतून गलका उठला. कोण काय बोललं देवीलाच ठाऊक.

"आवाज नको नाना," मी बोलले. "आवाजाने काय होतं ते आत्ताच बघितलं आपण. नको वाटतं त्यांनी उभं राहा. तोंडं दिसू दे."

कोणी उठेना. कोणाच्या पोराला गोपीने नोकरी लावलेली, कोणाच्या घराला नळ दिलेला. नाथा खाली बघून चप्पल सरळ करत बसला. मी उभी राहिले. बाकी कोणी हललं नाही.

मग खांबाजवळ बांगड्या वाजल्या. आयने एक हात खांबाला लावला, एक गुडघ्यावर ठेवला, आणि उठली. कोणी हात द्यायला गेलं तर तिने झटकला. स्वतःच्या दारातली पालखी तिने स्वतः उभं राहून पुढे घालवली. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही. मागोमाग बायका उठल्या, मग पुरुष, सगळ्यात शेवटी नाथा.

आयचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. ती गोपीकडे बघत होती. "गोप्या," ती बोलली, "कुठं जेवलास?"

आमदार खाली मान घालून बसला होता. मग उत्तर आलं, अगदी बारीक आवाजात. हाळी नव्हती ती, पण सगळ्या गावाला ऐकू आली.

"दोन्हीकडं, आय."

"मग यंदा ताट नाही," आय बोलली आणि घराकडे चालायला लागली.

चैत्रात तिने अंगण सारवलं. पालखी थांबणार नाही हे ठाऊक असून सारवलं, रांगोळी पण घातली. ढोल आळीत शिरले तेव्हा ती ओटी हातात घेऊन दारात उभी राहिली. पालखी आली आणि न थांबता पुढे गेली. आयने तिथूनच हात जोडले. गोपी सकाळीच आलेला, एकटा, गाडी लांब लावून. तो तिच्या पायाशी उंबऱ्याला टेकून बसला होता, लहानपणी बसायचा तिथेच, मांडी घालून.