एकदाच उघडायचं सामान

मुलीसोबत जाणार असलेल्या मैत्रिणीचा घोटा मोडला आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेला नकाशा एकदम पोरका झाला.

दोन महिने तो तिथेच होता. एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर वडिलांच्या चष्म्याचं घर. मधोमध पर्वत, आणि त्याला वळसा घालून निघाल्या ठिकाणीच परत येणारी बारीक लाल वाट. घरातली तिघं नकाशाच्या कडेकडेने ताटं ठेवून जेवत. डाळीचा एक डाग पूर्वेच्या खिंडीत पडला होता, तेव्हापासून मुलगी त्या खिंडीला ‘वरणाची खिंड’ म्हणायची.

“एकटी नाही जायचं,” आई म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. ‘डॉक्टर आज नाहीत’ हे ती ज्या आवाजात सांगते, त्या आवाजापुढे कोणी वाद घालत नाही. “सोबत मिळाली तर जा. नाहीतर पुढची तारीख घे.”

पुढची तारीख मिळण्यासारखी नव्हती. मुलगी पोहायला शिकवते. तलावाच्या फरशा बदलायला काढल्या म्हणून तिला ही लांब सुट्टी मिळाली होती. फरशा काही दरवर्षी बदलत नाहीत.

तेव्हा वडील कप विसळत होते. पाठ वळवूनच म्हणाले, “दुसरं कोणी मिळतच नसेल तर मी येईन. म्हणजे, अगदीच अडलं तर.”

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. रोज सकाळी दोघी उठायच्या आधी चहाचा कप घेऊन हा माणूस नकाशावर वाकलेला असे. कुठल्या ओढ्यानंतर पाणी नाही, शेवटचं दुकान कुठे, निवारा नाही म्हणून तंबू कुठे लावावा लागेल, सगळं त्याला पाठ झालं होतं. सामान हलवणाऱ्या कंपनीत तो बांधाबांध करतो. लोकांची घरं खोक्यांत भरून कुठे समुद्राकाठी, कुठे डोंगराच्या पायथ्याशी पोचवायची, खोकी उतरवायची आणि त्याच ट्रकमधून माघारी यायचं. पोचलेल्या गावात दुसरा दिवस त्याने कधी पाहिला नव्हता.

मुलीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “बाबा, हे ट्रकमध्ये बसून जायचं नाहीये.”

“आणि जिने कोण चढतं? फ्रिज काय आपणहून चढतो?”

“फ्रिज चार मजले चढतो. मग तुम्ही सगळे चहा पिता. इथे दिवसभर चालायचंय, दुसऱ्या दिवशी पुन्हा.”

“मग बघ चालवून. घोडामैदान जवळच आहे.”

ठरलं असं, की रविवारी गावामागच्या टेकडीवर, टीव्हीच्या मनोऱ्यापर्यंत, पाठीवर भरलेल्या पिशव्या घेऊन जाऊन यायचं. बाबांना झेपलं तर दोघं जाणार. नाही झेपलं तर कोणीच नाही, आणि नकाशाची घडी.

कामावर त्याने हे ट्रकच्या ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर बराच वेळ हसला. “फिरून फिरून परत तिथेच यायचं, तर निघायचं कशाला? भाडं तरी कोण देणार अशा खेपेला?”

शनिवारी त्याने दोन्ही पिशव्या स्वतः भरल्या. मुलीला हात लावू दिला नाही. त्याच्या धंद्याचा नियम एकच: सामान हललं की मोडलं. जड ते तळाशी, हलकं वर, पोकळी कुठे ठेवायची नाही. पातेल्यात मोजे गेले, मोज्यांत औषधं गेली. स्टोव्हला फुग्यांच्या प्लास्टिकचा अंगरखा शिवल्यासारखा बसला आणि वरून चिकटपट्टी. रेनकोट पातळ आणि चपटे, म्हणून ते सगळ्यांत खाली अस्तरासारखे अंथरले. तंबू अख्खा आपल्या पिशवीत घेतला, पोरीच्या पाठीवर कशाला. मग तिची पिशवी तिच्या कानाजवळ धरून हलवली.

“ऐक.”

“काहीच ऐकू येत नाही.”

“तेच तर.”

रविवारी अर्ध्या चढावर आभाळ भरून आलं. रस्त्याकडेला एक बंद गॅरेज होतं. त्याच्या पत्र्याच्या वळचणीला पोचेपर्यंत सरी आल्या. वळचण हातभर रुंद, त्यामुळे पाऊस तिथेही पोचत होता.

“रेनकोट दे,” मुलगी म्हणाली.

“तळाला आहेत.”

“कशाच्या तळाला?”

“पिशवीच्या.”

तिने पिशवी उघडली. पहिल्या थरावर चिकटपट्टी होती. “कात्री?”

“आहे ना. स्टोव्हच्या मागे, मधल्या थरात.”

ती दातांनी पट्टी तोडायला लागली. हळूहळू दोन्ही पिशव्यांतून गॅरेजसमोर पातेलं, झोपायच्या पिशव्या, तंबू, कोरडा खाऊ, गुंडाळलेला स्टोव्ह अशी आरास मांडली गेली. सायकलवरून जाणारी एक बाई क्षणभर थांबली. “घर खाली करायला लावलं का हो मालकाने?” तिने कळवळून विचारलं. दोघं पिशव्या उपसतच राहिली, तशी ती निघून गेली.

रेनकोट हाती आले तेव्हा दोघं चिंब होती आणि पाऊस ओसरला होता. मुलीने रेनकोट मांडीवर घेतला आणि ती उकिडवी बसली.

“बाबा, हे तू कुठे उघडायचं म्हणून बांधलंस?”

“पोचल्यावर.”

“कुठे पोचल्यावर?”

 लाल वाट त्याच्या डोळ्यांसमोर होती. ती जिथून निघाली होती तिथेच पोचत होती. त्याच्या हिशेबाने ही पिशवी पर्वताला पूर्ण वळसा घालून, न मोडता, न भिजता, घरी येऊनच उघडली असती.

मनोऱ्यापर्यंत तो कुठे न बसता चढला. गुडघे कुरकुरले नाहीत, दमही लागला नाही. पण उतरताना त्याने मनातल्या मनात नकाशाची घडी घातली होती.

“काय निकाल?” दारातच आईने विचारलं.

“पाय पास,” मुलगी बूट काढत म्हणाली. “पिशवी नापास. पुरवणी परीक्षा.”

पुरवणी परीक्षा अशी, की आठवडाभर बाबाने घरातच पिशवीतून राहायचं. कपाट बंद, खण बंद, न्हाणीघरातलं शेल्फ बंद. दात घासायचे तर ब्रश पिशवीतून, दाढी करायची तर वस्तरा पिशवीतून, आणि काम झालं की जिथल्या तिथे.

“लॉजमध्ये उतरल्यासारखे वागताय,” पहिल्या दिवशी आई म्हणाली. “भाडं आगाऊ घेईन.”

सोमवारी बनियन सापडेना म्हणून त्याला कामावर उशीर झाला. मंगळवारी साबणाने मोजे भिजले. मग त्याच्या ध्यानात येऊ लागलं, की सामानाला वजनाखेरीज वेळही असते. सकाळचं सामान वेगळं, दुपारचं वेगळं. जे अचानक लागतं ते सगळ्यांच्या वर, मग ते कितीही पातळ असो. आयुष्यभर त्याने वस्तू दोनदाच पाहिल्या होत्या: निघताना आणि पोचल्यावर. मधल्या सगळ्या वेळी त्या ट्रकच्या अंधारात असत, आणि त्या तिथे निपचित पडून राहाव्यात हेच त्याचं कौशल्य. माणसांनी या मधल्या वेळात राहायचं असतं, हे त्याला धंद्यात कोणी शिकवलं नव्हतं. त्याचं त्यालाच हसू आलं. शुक्रवारपर्यंत चिकटपट्टी पार गेली. पिशवी उचलली की आत कप पातेल्यावर वाजायचा. दोन दिवस तो आवाज त्याला दाढदुखीसारखा छळत राहिला. मग त्याने तो वाजू दिला.

रविवारी दुपारी आई मुलीला घेऊन नकाशापुढे बसली. दवाखान्यात नव्या रुग्णाला विचारावं तसं ती एकेक विचारत गेली. धुकं पडलं तर? पाय मुरगळला तर? उतरायला मधली वाट कुठे? मुलगी न अडखळता बोट ठेवत गेली. वरणाच्या खिंडीतून गावाकडे उतरणारी पायवाटसुद्धा तिने दाखवली. बाबा खिडकीशी बुटांना तेल लावत होता.

 “तुला सगळं येतंय की,” आई म्हणाली. “मी उगाच घाबरत होते. माझी अट मी मागे घेते. एकटी जा हवं तर. यांच्या पाठीला कशाला ताण? आधीच लोकांची कपाटं उचलून वाकलेत.”

तिने हे मायेने म्हटलं होतं, हे त्याला कळत होतं. 

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “अडलं होतं म्हणून मी. आता काही अडलेलं नाही.”

बूट बाजूला ठेवून तो खोलीत गेला. मुलीला तंबू तरी द्यायला हवा होता. त्याने आपली पिशवी उघडली. वर रेनकोट, खाली झोपायची पिशवी, बाजूला तंबूच्या काठ्या आणि खुंट्या. कापड मात्र नव्हतं. त्याने सगळं पुन्हा बघितलं. कापड पिशवीत नव्हतंच.

मुलगी दाराशी येऊन उभी होती.

“तंबूचं कापड कुठे गेलं?”

“माझ्याकडे. काल घेतलं.”

“मग या काठ्याही घे.”

“नाही मावत,” ती म्हणाली. “माझी पिशवी भरली.”

तिची पिशवी तिच्या मागेच भिंतीला टेकून उभी होती. वरचा पट्टा सैल होता, खांद्याखाली कापडाला सुरकुती पडली होती आणि डावा कप्पा आत बसला होता. काठ्या, खुंट्या जाऊन वर एखादा स्वेटर सहज गेला असता. असली पोकळी भरल्याशिवाय त्याने आजवर एकही खोकं बंद केलं नव्हतं.

“दाखव बघू,” असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“असू दे मग माझ्याकडेच,” तो म्हणाला, आणि काठ्या होत्या तिथे परत ठेवल्या.