पोटातून आवाज

“पोटातून! घशातून नको.” ताईंनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं. “शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

“नाही!” आठवीचा वर्ग एका सुरात ओरडला. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनी भिंतीवर डस्टर आपटलं. पोरं खिदळली. ताईही हसल्या. नकोशा स्पर्शाला नाही म्हणायला शिकवणारा हा तास शाळाशाळांतून घेऊन त्या इतक्या तयार झाल्या होत्या, की मुलं कुठे लाजणार आणि कुठे हसणार, हे त्यांना आधीच ठाऊक असे.

आज एवढंच वेगळं, की तिसऱ्या बाकावर त्यांची स्वतःची मुलगी बसली होती. वर्गात आई म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं ताई म्हणायचं, असं सकाळीच ठरलं होतं. पोरीने नुसती मान हलवली होती. अलीकडे ती कमीच बोलायची. वयच तसलं, म्हणून ताईंनी सोडून दिलं होतं.

मग नाटुकलं सुरू झालं. एक मुलगा झाला अंगचटीला येणारा पाहुणा, एक मुलगी झाली नाही म्हणणारी. आता हवी होती घरातली मोठी बाई, जिला जाऊन हे सांगायचं. कुणी पुढे येईना.

“मी करते, ताई,” तिसऱ्या बाकावरून आवाज आला.

चला, पोरगी खुलली एकदाची! ताईंना बरं वाटलं.

नाटकातली मुलगी धावत आली. “ते मला जवळ ओढतात. मला नाही आवडत.”

ताईंच्या लेकीने कमरेला खोचलेल्या, नसलेल्या फडक्याला सावकाश हात पुसले. मान न वळवताच ती म्हणाली, “अगं, मामाच आहे तो! जरा लाड केले तर काय अंगाला भोकं पडतात? जा, चहा नेऊन दे त्याला.”

“ए, पाहुणा आहे गं, मामा नाही!” कुणीतरी ओरडलं. वर्ग खो-खो हसला.

ताई हसल्या नाहीत. ते फडकं त्यांचं होतं. ते शब्दही त्यांचेच. एका दुपारी ओट्याशी उभ्या उभ्या त्या हे बोलल्या होत्या आणि दूध उतू जाईल म्हणून लगेच गॅसकडे वळल्या होत्या. तासातलं पुढचं वाक्य, एरवी झोपेतही म्हणता आलं असतं असं, काही केल्या आठवेना.

“चुकलं का, ताई?” लेकीने विचारलं.

तेवढ्यात शाळा सुटल्याची घंटा झाली.

फाटकाबाहेर मामा स्कूटर चालू ठेवूनच उभा होता. ताईंचा धाकटा भाऊ. ताईंना पुढचा तास दुसऱ्या शाळेत असला, की भाचीला घरी सोडायचं काम त्याच्याकडे. ते त्याने हौसेने मागून घेतलं होतं. किती गुणाचा माझा भाऊ, असं ताई चारचौघांत कौतुकाने सांगत आल्या होत्या.

“चला भाचीबाई, बसा पटकन!”

ताई लेकीच्या आणि स्कूटरच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

“नाही... म्हणजे, आज नको रे. राहू दे.”

“काय?” मामाने हसत कानामागे हात धरला. “ऐकू नाही आलं गं.”

मागे लेक उभी होती, दप्तर छातीशी घट्ट धरून.

“पोटातून म्हणा, ताई,” ती म्हणाली.