पहिल्या नंबरची खाण

जुनी खाण ओळखायची कशी, हे थोरलीने आजवर किती मुलांना शिकवलं असेल, ते तिलाही सांगता आलं नसतं. शाळेतून निवृत्त झाली तरी रविवारी सकाळी ती मुलं गोळा करून शेतांमधून हिंडायची आणि सापडलेली प्रत्येक खाण नकाशावर मांडायची. नकाशा आता पुरा होत आला होता. तो वाचनालयाच्या भिंतीवर लागणार होता, आणि त्यावरची नावं तिची नात टिकली लिहिणार होती. आजी सांगणार, नात लिहिणार. थोरलीने हे चित्र मनात कितीदा तरी रंगवलं होतं.

पण या रविवारी तिचा गुडघा सुजला. मापाची दोरी धरायला कुणी मोठं माणूस हवं, म्हणून तिच्या मुलाने परस्पर धाकटीला यायला सांगून टाकलं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. शेजारच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान होतं. शाळा सुटली की टिकली हल्ली आधी तिथेच जायची, चिंध्यांच्या ढिगात लोळायची, आणि घरी आल्यावर तिचं प्रत्येक वाक्य ‘धाकटी आजी म्हणाली’ असं सुरू व्हायचं. थोरली मूग गिळून ऐकायची.

"नांगरलेल्या शेताच्या मधोमध अशी झाडी दिसली, तर काय विचारायचं?" कुंपणाशी थांबून थोरलीने मुलांना विचारलं.

"शेतकऱ्याने नांगर तिथून का नेला नाही?" चष्मिस म्हणाला.

"शाब्बास. का नेला नसेल?"

"राक्षस आडवा आला म्हणून!" मागून धाकटी म्हणाली. "बसून बसून त्याने तिथे खळगा पाडला. माझ्या खुर्चीच्या गादीला मी पाडलाय तसा."

मुलं खिदळली. टिकली तर धाकटीच्या कमरेला मिठी मारून हसत होती. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज तिने चढू दिला नाही. मुलांसमोर तो तिने कधीच चढवला नव्हता.

"हसून झालं? आता बघा. तीन बाजू उभ्या, एक उताराची. भरलेली गाडी वर यायला उतार लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं काय विचारायचं?"

"इथून निघालेलं कुठे गेलं?" सगळे एका सुरात ओरडले.

"हां. तळं खणणाऱ्याला खड्डा हवा असतो, माती नको असते. तो ती काठावरच टाकतो. खाणवाल्याला दगड हवा असतो. दगड गाडीत बसून निघून जातो, काठावर फारसं काही उरत नाही. मग तो शोधायचा घरांच्या भिंतींत."

"आमच्या घराच्या?" टिकलीने विचारलं. पण विचारलं ते धाकटीकडे बघून.

शेवटी सगळे टेकाडापलीकडे आले. नकाशावर तांबड्या शाईने ‘१’ आकडा घातलेली ही खाण थोरलीने नोकरीच्या पहिल्याच वर्षी शोधली होती. आजवर काटेरी झुडपांमुळे ती फाटकातूनच दाखवावी लागायची. यंदा झुडपं तोडली होती. इथे दोरीचं एक टोक आपण धरायचं आणि दुसरं टिकलीला द्यायचं, हे थोरलीने आदल्या दिवशीच ठरवलं होतं.

"टिकले, ये इकडे. ही माझी पहिली खाण."

टिकली धावत काठावर गेली, खड्ड्याला पूर्ण वळसा घालून आजीपाशी आली.

"आजी, यातलं सगळं इथेच आहे."

"म्हणजे?"

"माती. चारी बाजूंनी काठावरच टाकलीय. आणि उतार नाहीये कुठे."

थोरलीने पाहिलं. गवत उगवलेला मातीचा बांध खड्ड्याभोवती गोल फिरला होता. ते तळं होतं, आटलेलं. पोरीला हे सुचलं कसं? तिने धाकटीकडे रोखून पाहिलं.

"हे तुला धाकट्या आजीने शिकवलं ना?"

"तिला काय येतंय त्यातलं!" टिकली म्हणाली. "तूच तर शिकवलंस."

धाकटीला हे लागलं असेल तरी तिने दाखवलं नाही. उलट मुलांपुढे जावेचं तोंड उतरलेलं बघून ती लगबगीने पुढे झाली.

"अगं टिकले, मोठ्या माणसांचं चुकत नसतं. खाणच आहे ती. गाडी त्या तिकडच्या बांधावरून चढायची. हो ना जाऊबाई?"

आता नुसतं ‘हो’ म्हटलं की खाण वाचत होती. तांबडा आकडाही वाचत होता. पण धाकटीने वाचवायची? आणि तेही असलं काहीतरी सांगून?

"काहीतरीच काय शिकवतेस मुलांना!" थोरली कडाडली. मुलं चकित होऊन बघायला लागली. "भरलेली गाडी त्या बांधावर चढेल तरी का? बैलांना पंख आहेत? टिकली म्हणतेय तेच बरोबर आहे. तळं आहे हे. चष्मिस, खोडरबर दे रे."

सोबत आणलेल्या नकाशावरची शाई खोडरबराने निघेना. कागद फाटेल म्हणून तिने आकड्यावर फुली मारली आणि पेन टिकलीपुढे धरलं. "लिही. जुनं तळं. शोधणारीचं नावही घाल, तुझं."

परतताना गुडघा ठणकत होता. टिकली धाकटीचाच हात धरून मागून येत होती, आणि ते थोरलीला अजूनही काट्यासारखं सलत होतं. मग मागून टिकलीचा आवाज आला.

"धाकटी आजी, तळ्याच्या मातीचं कळलं का तुला? थांब, मी समजावते. आमची आजी काय म्हणते, माहितेय?"

थोरलीने वळून पाहिलं नाही. फक्त पावलं आखडती घेतली, पुढचं नीट ऐकू यावं म्हणून.