रिकामा रकाना

तिने पुन्हा बटण दाबलं आणि प्रोग्राम पुन्हा त्याच ओळीवर अडला.

रुग्णालयाच्या संगणक विभागात ती नवीन होती. लहान मुलांच्या वॉर्डातल्या औषधांच्या चिठ्ठ्या छापणारा जुना प्रोग्राम तिला नव्याने लिहायचा होता. जुन्यात रकाने नुसत्या नंबराने ओळखायचे. मधे एखादा वाढला की सगळा घोळ. तिने प्रत्येक रकान्याला नाव दिलं, त्यात काय बसेल तेही ठरवून टाकलं. वजनाच्या रकान्यात आकडाच हवा. आणि आता हा नवा शहाणा एका बाळाच्या ओळीवर हटून बसला होता, की इथे वजनच नाही.

साहेब दोनदा डोकावून गेले. शून्य टाक आणि मोकळी हो, संध्याकाळचं औषध खोळंबलंय, असं त्यांचं म्हणणं.

तिचं डोकं भणभणलं होतं ते वेगळ्याच गोष्टीने. जुना प्रोग्राम याच ओळीवरून बिनतक्रार जात होता. सकाळी त्याने या बाळाची चिठ्ठी छापली होती, तीही मात्रेसकट. वजन नाही, तर मात्रा काढली कशावरून? तिने जुना प्रोग्राम वरून खाली वाचला, खालून वर वाचला. काही केल्या उमजेना. आपणच कुठेतरी माती खाल्ली असणार, असं वाटून स्वतःचंही तपासलं. शेवटी बाळाची चिठ्ठी आणि वरच्या ओळीतल्या मुलाची चिठ्ठी शेजारी ठेवली. मात्रा तीच.

रकाना रिकामा दिसला की जुना प्रोग्राम वरच्या ओळीचं वजन धरून पुढे जात होता. वरच्या ओळीतला मुलगा पाच वर्षांचा होता.

तिने वॉर्डात फोन लावला. नर्स खुशीत होती. आई बाळाला खाली ठेवू देईना म्हणून वजन राहिलं, पण आता काळजी नाही, म्हणाली. रडून जीव नकोसा केलेलं पोर सकाळपासून गाढ झोपलंय, आईचाही डोळा लागलाय.

"सिस्टर, त्याला उठवा."

"अगं, आत्ता कुठे सगळे निवांत झालेत."

"आत्ताच उठवा. औषध जास्त गेलंय. डॉक्टरांना बोलवा."

रिसीव्हर टेबलावर आदळला, पावलं धावली. साहेबांनी दारातून विचारलं, झालं का. तिने हात वर करून त्यांना गप्प केलं. पलीकडे कुणीतरी बाळाला हाका मारत होतं, आधी लाडाने, मग मोठ्याने. मग नुसत्या टाळ्या ऐकू आल्या.

बराच वेळ काहीच नाही. मग एक बारीक, चिडकं रडणं फुटलं आणि त्यामागून आईचं.

तिने बसायला खुर्ची शोधली. ती मागेच होती.